टोल हाकलला, पण ठराव झाला तेव्हा आपण कुठं होतो? कोल्हापूरचं एक प्रकरण

कोल्हापूरचा माणूस सार्वजनिक कामात भाग घेत नाही असं बाहेरचं कुणी म्हणालं की मला लई राग येतो, कारण टोलचं आंदोलन मी बघितलंय, नुसतं बघितलं नाही तर त्यात होतो, फुलेवाडीच्या नाक्यावरनं माझं रोजचं जाणं-येणं होतं. पण आता इतकी वर्षं झाल्यावर त्याच आंदोलनातली एक गोष्ट मला सारखी खुपते आणि ती नीट मांडावी म्हणून हे सगळं लिहायला घेतलं. गोष्ट एवढीच, की टोल हाकलायला अख्खं शहर आलं, पण तो टोल ज्या कागदावर बसवला गेला तो कागद मंजूर होत होता तेव्हा मी तिथं नव्हतो, माझ्या ओळखीतलं कुणी नव्हतं, आणि असा काही कागद आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं.

ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २००८-०९ च्या सुमारास शहरातले मुख्य रस्ते एकदम चांगले करायचे अशी योजना आली, एकात्मिक रस्ते विकास प्रकल्प, सगळे आयआरडीपीच म्हणायचे. ४९.४९ किलोमीटरचे रस्ते, खर्च २२० कोटी. महापालिकेकडं एवढा पैसा नव्हता म्हणून बांधा, वापरा, हस्तांतरित करा ही पद्धत घेतली, म्हणजे खासगी कंपनीनं पैसे घालून रस्ते करायचे आणि मग ३० वर्षं टोल घेऊन ते वसूल करायचे. करारात महापालिका, राज्य रस्ते विकास महामंडळ आणि कंपनी असे तिघं, शिवाय टेंबलाईवाडीची एक मोठी जागाही लांब मुदतीनं कंपनीला द्यायचं त्यात होतं.

३० वर्षं म्हणजे किती याचा विचार करा. त्या वेळी माझा पोरगा पहिलीत होता. तो स्वतःच्या पोराला शाळेत सोडायला जाईल तेव्हाही टोल भरतच असता. एवढा लांबचा निर्णय, आणि आमच्या गल्लीत त्यावर एकही बैठक झाली नाही. खरं सांगायचं तर रस्ते खोदायला सुरुवात झाली तेव्हा आम्ही खूश होतो, काँक्रीटचे रस्ते येणार, खड्डे जाणार, धूळ जाणार, अजून काय पाहिजे. टोल हा शब्द कानावर पडत होता पण तो हायवेवर असतो, पुण्याला जाताना किणीच्या नाक्यावर भरतो तसला, असं डोक्यात पक्कं बसलेलं.

मग नाक्याच्या शेड उभ्या राहायला लागल्या. शिरोली, फुलेवाडी, कळंबा, उचगाव, शाहू नाका, असे शहराच्या सगळ्या तोंडांना मिळून नऊ नाके. तिथं लोकांची झोप उडाली. कोल्हापूरचं कसं आहे बघा, शहर लहान, सगळं मिळून ६६.८२ चौरस किलोमीटर, आणि पोट भरायचं सगळं आजूबाजूच्या गावांवर. करवीर, पन्हाळा, कागल, हातकणंगल्यातनं दूध येतं, भाजी येते, गूळ मार्केट यार्डात येतो, पोरं कॉलेजला येतात, पेशंट सीपीआर या सरकारी दवाखान्याला येतात. मग यायचा पण टोल आणि घरी जायचा पण टोल? इथं प्रत्येकाच्या खिशाला थेट हात लागला.

इथनं पुढची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे म्हणून फार लांबवत नाही. सर्वपक्षीय टोलविरोधी कृती समिती झाली, पुढं शेतकरी कामगार पक्षाचे एन. डी. पाटील, म्हणजे आमचे एन. डी. सर, आणि कम्युनिस्ट पक्षाचे गोविंदराव पानसरे, म्हणजे आमचे अण्णा. २०१३ च्या ऑक्टोबरात वसुली सुरू झाली, २०१४ च्या जानेवारीत लोकांचा संताप इतका वाढला की नाके पेटले. जाळपोळ मला तेव्हाही पटली नव्हती आणि आजही पटत नाही, ज्या लढ्यात चौऱ्याऐंशी वर्षांचे एन. डी. सर उन्हात बसून शांतपणे बोलतायत त्याची ताकद तसल्यानं वाढत नाही. मग कोर्टकचेरी झाली, वसुली थांबली, परत सुरू झाली, रस्त्यांची मोजणी आणि किंमत काढणं झालं, आणि शेवटी २०१५ च्या डिसेंबरात सरकारनं टोल कायमचा रद्द केला. अण्णांना ते बघायला मिळालं नाही. १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरायला गेलेले असताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि २० तारखेला ते गेले. एन. डी. सर २०२२ च्या जानेवारीत गेले. ही दोन माणसं आठवली की अजून गळा दाटतो.

आता माझ्या मुद्द्यावर येतो. टोल गेला म्हणजे सगळं फुकटात सुटलं असं नाही. कंपनीनं घातलेल्या पैशाची भरपाई सरकारनं अंगावर घेतली, म्हणजे पैसा शेवटी लोकांच्या करातलाच. वर कित्येक वर्षं गेली, केसेस अंगावर घेतलेली पोरं कोर्टात फिरत राहिली, दुकानं बंद राहिली. हेच प्रश्न जर करार व्हायच्या आधी विचारले असते, टोल शहरात कशाला, ३० वर्षं कशाला, स्थानिक गाड्यांचं काय, जागा कशाला द्यायची, तर? निर्णय बदललाच असता असं मी म्हणत नाही. पण प्रश्न कागदावर आले असते आणि उत्तरं द्यावी लागली असती.

लोक का आले हे आधी बघितलं पाहिजे

टोलला लोक आले ते भाषणं ऐकून आले असं मला वाटत नाही. मला स्वतःला काय झालं ते सांगतो. आमच्या तालमीच्या कट्ट्यावर एका रात्री एक वकील आले, हातात कराराच्या झेरॉक्स, आणि त्यांनी एकेक कलम वाचून मराठीत सांगायला सुरुवात केली. या कलमाचा अर्थ असा, यात तुमच्याकडनं एवढी वर्षं घेणार, यात रस्ता खराब झाला तर जबाबदारी कुणाची. नऊला सुरू झालेली बैठक साडेअकरापर्यंत चालली, फुटबॉलची मॅच संपवून आलेली पोरं पण उठली नाहीत. त्या रात्री पहिल्यांदा कळलं की हा कागद आपल्याला समजू शकतो. त्याच्या आधी वाटायचं की हे साहेबांचं काम, नगरसेवकांचं काम, आपल्याला त्यातलं काय कळतंय.

दुसरं म्हणजे प्रत्येकाला काहीतरी ठराविक काम दिलेलं होतं. रिक्षावाल्यांनी हे करायचं, व्यापाऱ्यांनी ते, मंडळांनी आपापल्या पेठेतनं माणसं आणायची, बायकांची जबाबदारी वेगळी. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, बुधवार पेठ, सगळ्यांची आपापली तालीम आहे, मंडळ आहे, त्यांच्यात एरवी फुटबॉलवरनं किती का ईर्ष्या असेना, निरोप पोचवायचं काम एका रात्रीत होतं. नवीन काही संघटना बांधायला लागली नाही. आणि मागणी एका वाक्यात होती, आम्ही टोल देणार नाही, बस्स. चौथीतल्या पोराला पण कळत होती.

तिसरं, आणि हे मला सगळ्यात मोठं वाटतं, पुढं बसलेल्या माणसांना स्वतःसाठी काही नको होतं हे लोकांना दिसत होतं. एन. डी. सरांवर कुणी असा संशय घेतलाच नाही की ह्यांना उद्या तिकीट पाहिजे. आपण सार्वजनिक कामाला बोलवायला लागलो की लोक पहिल्यांदा हेच बघतात, ह्याचं काय चाललंय, ह्याला उभं राहायचंय का. त्यात लोकांची चूक नाही, अनुभवानं शिकलेत ते.

आधी का येत नाहीत

नियम नाहीत असं म्हणाल तर तसं नाही, नियम आहेत. सर्वसाधारण सभा, आपण महासभा म्हणतो ती, महिन्यातनं एकदा तरी घ्यावीच लागते आणि ती लोकांना खुली असते, म्हणजे ताराराणी सभागृहात जाऊन तुम्ही-आम्ही बसून ऐकू शकतो. सभेच्या आधी विषयपत्रिका निघते, कुठले ठराव येणार हे त्यात असतं. झालेल्या सभेचं इतिवृत्त नाममात्र फी भरून बघता येतं. प्रभाग समितीवर सामाजिक संस्थांनी शिफारस केलेली तीनपर्यंत माणसं घेता येतात, कलम २९ अ मधे ते आहे. आणि २००९ ला, म्हणजे आमच्याकडं रस्त्यांचं प्रकरण ऐन रंगात होतं त्याच वर्षी, राज्यानं कायद्यात दुरुस्ती करून क्षेत्रसभा आणली. खेड्यात ग्रामसभा असते तशी शहरात काही मतदान केंद्रांच्या भागातल्या मतदारांची सभा, अध्यक्ष त्या भागाचा नगरसेवक, आणि लोकांनी आपल्या भागातली कामं सुचवायची, कुठलं आधी कुठलं नंतर हे सांगायचं.

माझ्या गल्लीत मी कुणालाही क्षेत्रसभा म्हणजे काय विचारलं तर दहातल्या नऊ जणांना शब्दच माहीत नाही. मलाही टोल संपल्यावर कळला. हेच माझं दुखणं आहे. आमच्या मामाच्या गावाला ग्रामसभेत म्हातारी बाई उठून सरपंचाला विचारते की पाण्याची मोटर कधी दुरुस्त करणार, आणि तीच बाई पोराकडं शहरात राहायला आली की तिला बोलायला जागाच नाही.

न येण्याचं दुसरं कारण म्हणजे कागद दिसत नाही, शेड दिसते. ठराव ही न दिसणारी गोष्ट आहे. जाहीर नोटीस पेपरच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात असते, भाषा अशी की शिकलेल्या माणसालाही दोनदा वाचावी लागते. विकास आराखड्याचं प्रारूप लागलं की हरकती-सूचनांना ३० दिवस मिळतात, त्यातले वीस दिवस तर कुणाला कळतच नाही, आणि मग आपल्या प्लॉटवर रस्ता पडला की सहा वर्षांनी आरडाओरडा. २०२५ मधे प्रभागांचे प्रारूप नकाशे लागले तेव्हा पण हेच, चहाच्या टपरीवर सगळे बोलत होते की आमची गल्ली तिकडं कशी गेली, पण लेखी हरकत किती जणांनी दिली विचारलं की सगळे गप्प.

आणि एक सवय, ती कबूल केली पाहिजे. आपल्याला काम पाहिजे असलं की आपण नगरसेवकाच्या घरी जातो, भाऊ तेवढं गटारीचं बघा, दादा तेवढं लाईटचं बघा. भाऊ बघतात पण. मग त्या एका गटारीत आपण समाधानी, आणि भाऊंनी सभागृहात कुठल्या ठरावाला हात वर केला ते विचारायचं आपल्याला सुचतच नाही. गटार झाली म्हणून ३० वर्षांचा करार कुणी वाचला नाही, असंच झालं ते.

मग आम्ही काय करून बघितलं

टोल गेल्यावर आमच्यातल्या सहा-सात जणांनी ठरवलं की हे चालू ठेवायचं. पहिली बैठक पार फसली. आम्ही बोर्ड लावला, नागरिक सहभाग सभा, वेळ रविवारी सकाळी अकरा, आणि आलो कोण तर आम्हीच सात आणि एक रिटायर मास्तर. रविवारी अकराला आमच्याकडं मटण शिजत असतं, पोरं मैदानावर असतात, बायकांना श्वास घ्यायला वेळ नसतो. आणि सहभाग म्हणजे काय ते तरी कुणाला कळणार. आमच्या आईनंच विचारलं, त्यात जाऊन करायचं काय? त्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडं नव्हतं.

पुढच्या वेळी बोर्ड बदलला. आपल्या गल्लीच्या मागच्या खुल्या जागेवर काय व्हायला पाहिजे, बोलायला या, रात्री नऊ वाजता. लेआउटमधली मोकळी जागा होती, कुणी म्हणत होतं तिथं हॉल, कुणी म्हणत होतं बाग, पार्किंग, पोरांना खेळायला जागा. त्या रात्री खुर्च्या कमी पडल्या. भांडणं पण झाली, दोन म्हाताऱ्यांनी तर एकमेकांशी महिनाभर बोलणं सोडलं, पण लोक आले, आणि मुख्य म्हणजे बायका आल्या. त्या का आल्या ते पण सांगतो, माझी बायको आणि शेजारच्या वहिनी बचत गटाच्या हप्त्याच्या दिवशी घरोघर जाऊन सांगून आल्या होत्या. पुरुषांनी व्हॉट्सअॅपवर टाकलेला मेसेज वाचून एक बाई आली नाही, दारात जाऊन सांगितल्यावर सगळ्या आल्या. हॉलला सगळ्यात जास्त विरोध त्यांचाच, कारण हॉल झाला की रात्री स्पीकर आणि दारात गाड्या, त्रास कुणाला होणार ते त्यांना बरोबर माहीत.

तिथं एक गोष्ट शिकलो. बैठकीत नुसतं ऐकायला आलेला माणूस परत येत नाही, ज्याला काम मिळतं तो येतो. एका पोराला सांगितलं तू जागा मोजून नकाशा काढ, तो डिप्लोमाला होता. एका वहिनींना सांगितलं तुम्ही किती घरांत लहान मुलं आणि म्हातारी माणसं आहेत ती यादी करा. मास्तरांना अर्ज लिहायला दिला. एकानं माहिती अधिकारात १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज टाकला की ह्या जागेची नोंद काय आहे. उत्तर यायला ३० दिवसांची मुदत असते, तेवढे दिवस तो रोज पोस्टमनला विचारत होता. उत्तर आलं त्या दिवशी गल्लीत असा फिरला जसा काय त्याचा निकाल लागलाय. जागा खुली म्हणूनच नोंद होती, मग हॉलचा विषय तिथंच मागं पडला, भांडण कागदानं मिटवलं.

दुसरं शिकलो ते वेळेचं. आम्ही पहिल्या वर्षी मागणी घेऊन गेलो ती एप्रिलमधे. तिथल्या एका कर्मचाऱ्यानं, चांगला माणूस होता, बाजूला घेऊन सांगितलं की आता कशाला आलाय, बजेट झालं की. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, बजेट त्याच्या आधी मंजूर व्हायला पाहिजे, आयुक्त ते स्थायी समितीपुढं ठेवतात, स्थायीत १६ जण, तिथनं महासभेत. म्हणजे गल्लीतली मागणी लेखी पोचायची ती दिवाळी झाली की, थंडीत. पुण्यात २००६ पासून नागरिकांकडनं बजेटसाठी कामं मागवतात, तिथंही हेच आहे, काम आधी सुचवायचं आणि मग ते पुढच्या वर्षीच्या बजेटला जातं. हे एवढं साधं आहे, पण आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही कुणाला विचारलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी डिसेंबरात गेलो, सह्या घेऊन, नकाशा घेऊन, नोंदीचा कागद घेऊन. त्या जागेला कुंपण आणि चार बाक झाले. बाग नाही झाली. चार बाकांवर आता संध्याकाळी जागा मिळत नाही.

तिसरी गोष्ट आम्हाला जमली नाही, ती पण लिहितो. खुल्या जागेला आलेले लोक मोठ्या विषयाला आले नाहीत. हद्दवाढीचा विषय घ्या, १९७२ ला महापालिका झाल्यापासून शहराची हद्द वाढलेली नाही, आजूबाजूच्या गावांचा विरोध, शहरातल्यांची मागणी, दर वेळी मोर्चे आणि बंद. आम्ही त्यावर वाचन ठेवलं, दोन्ही बाजू समजून घेऊ, गावातली दोन माणसं पण बोलवली, तर आले अकरा जण. थेट पाइपलाइनचं पण तसंच, काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट शहरात २०२३ च्या दिवाळीला आलं, त्यासाठी कित्येक वर्षं लोकांनी आंदोलनं केली, पण पाणी आल्यावर आतल्या जुन्या गळक्या पाइपांचं काय, त्याचा प्रस्ताव कधी येणार, ह्यावर बोलायला माणूस मिळत नाही. मला वाटतं लहान कामातनं मोठ्याकडं माणूस आपोआप जात नाही, त्याला हाताला धरून न्यायला लागतं, आणि आमचे हात कमी पडले.

मधे तर विचारायलाच कुणी नव्हतं. २०२० च्या नोव्हेंबरात सभागृहाची मुदत संपली आणि पुढं पाच वर्षं प्रशासकच. महासभा नाही, नगरसेवक नाही. त्या काळात आमचा गट मोडल्यातच जमा होता. जायचं कुठं, कुणाच्या सभेला. पुरात मात्र गल्ली परत एकत्र आली, २०२१ ला पाणी चढायला लागलं तेव्हा पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, रात्रभर जागून माणसं हलवली. संकट आलं की आपण कुणाची वाट बघत नाही. कागद आला की मात्र बघतो.

आता १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं, सभागृहात परत ८१ नगरसेवक आले. या वेळी बहुतेक प्रभागांत चार-चार नगरसेवक आहेत, आधी एका वॉर्डाला एक असायचा. लोकांचं आत्ताच सुरू झालंय, चौघांतल्या कुणाकडं जायचं, एकाकडं गेलं तर तो म्हणणार दुसऱ्याचं आहे. मला उलट वाटतं की हीच वेळ आहे, चौघांना एकत्र गल्लीत बोलवायचं, त्यांच्या घरी एकेकट्यानं जायचं नाही.

परवा आमच्या कट्ट्यावर तोच विषय निघाला. टोलच्या वेळी पहिलीत असलेला माझा पोरगा आता कॉलेज संपवून आलाय, तो म्हणाला पप्पा ती विषयपत्रिका मला द्या, मी वाचून सोप्या मराठीत ग्रुपवर टाकतो, कुठला विषय कुठल्या रस्त्याचा, किती पैशाचा, एवढंच. मास्तर आता थकलेत, ते म्हणाले ग्रुपवर टाक पण एक प्रिंट काढून तालमीच्या फळ्यावर पण लाव, आमच्यासारख्यांसाठी. वहिनींनी बचत गटात वाचून दाखवायचं कबूल केलंय. क्षेत्रसभा बोलवा म्हणून चारही नगरसेवकांच्या नावानं अर्ज तयार आहे, सह्या घ्यायचं काम चालू आहे, अजून वरच्या आळीतली घरं राहिलीत. महासभेची तारीख कळली की आम्ही तिघं जाणार आहोत, मी, पोरगा आणि तो माहिती अधिकारवाला, त्यानं त्या दिवशीची सुट्टी आधीच टाकायचं ठरवलंय.